व्हिक्टोरिया गोदी

व्हिक्टोरिया गोदी : मुंबई बंदरातील, शहराच्या पूर्व किनाऱ्यावरील गोदी. प्रिन्सेस गोदीच्या (1880) दक्षिणेस लागून बांधलेली ही गोदी 1888 मध्ये वाहतुकीस खुली झाली. मस्जिद बंदर, मांडवी, दाणाबंदर या घाऊक बाजारांचा माल येथूनच चढे-उतरे. कापूस, धान्य आणि लाकूड हा तिचा नेहमीचा व्यवहार. दारूगोळा हा नव्हे. उत्तरेकडच्या ‘दारूखाना’ या वस्तीच्या नावातच जुना शहाणपणा आहे : दारू ठेवायची ती वस्तीपासून दूर. 1944 मध्ये युद्धाच्या घाईत हा नियम मोडला गेला, आणि आज गोदीचे नाव निघते ते मुख्यतः त्यामुळेच.

‘फोर्ट स्टिकिन’ हे ब्रिटिश मालवाहू जहाज 24 फेब्रुवारी 1944 रोजी बर्कनहेडहून निघाले आणि कराचीमार्गे 12 एप्रिलला मुंबईस पोहोचले. त्यात सुमारे 1,400 टन स्फोटके व दारूगोळा होता. शिवाय सोन्याच्या 124 विटा होत्या. कराचीत त्यावर कापसाच्या सुमारे 8,700 गासड्या, वंगणतेल, गंधक, लाकूड आणि मासळीचे खत चढवले गेले. कापूस, तेल आणि दारू एकाच जहाजात भरू नये हे कोणाही तांडेलास कळते. पण जहाजे कमी होती, आणि रिकामी जागा सोडणे परवडत नव्हते. स्फोटके असल्याची खूण म्हणून लावायचा तांबडा बावटाही जहाजावर नव्हता.

14 एप्रिलला दुपारी, जेवणाच्या सुटीनंतर, दोन क्रमांकाच्या फाळक्यातून धूर दिसला. बंबांनी पाण्याचा मारा सुरू केला, पण आगीचे मूळ खाली गासड्यांत होते. पाणी साचत गेले तसा पेटलेला कापूस तरंगत वर, दारूगोळ्याकडे सरकू लागला. जहाज बुडवावे की बाहेर ओढून न्यावे, याचा ठाम हुकूम शेवटपर्यंत कोणी दिला नाही. 4 वाजून 6 मिनिटांनी पहिला स्फोट झाला. गोदीतील मनोऱ्यावरच्या घड्याळाचे काटे त्याच वेळेवर थांबले. अर्ध्या तासाच्या आत दुसरा, त्याहून मोठा स्फोट झाला. त्याचा हादरा सुमारे 1,700 किमी. दूर सिमल्याच्या भूकंपमापकावर उमटला. सिंदिया कंपनीचे ‘जलपद्म’ हे जहाज उचलले जाऊन धक्क्यावर आदळले. जळता कापूस आणि तापलेले लोखंड आसपासच्या वस्त्यांवर पडले. सुमारे 80,000 लोक बेघर झाले. मैलभर अंतरावरील एका पारशी गृहस्थांच्या घरात छप्पर फोडून सोन्याची वीट आली, ती त्यांनी सरकारजमा केली आणि त्याबद्दल त्यांना 999 रुपये बक्षीस मिळाले. ही गोष्ट मुंबईत इतकी सांगितली गेली आहे, की स्फोट म्हटले की माणसांआधी सोने आठवावे, असे काहीसे झाले आहे.

माणसांचा हिशेब मात्र लागलेला नाही. मृत्यू पावलेले अग्निशमन दलाचे जवान 66, हा आकडा नक्की, कारण ते हजेरीपटावर होते. एकूण मृतांचे आकडे मात्र 700 पासून 1,300 पर्यंत सांगितले जातात. गोदीतील मजूर तेव्हा टोळीवाल्याच्या हाताखाली रोजंदारीने लागत. आज आलेला उद्या येईलच असे नसे, आणि न आल्यास कोणी विचारीतही नसे. गोदी कामगारांची रीतसर नोंद ठेवणारे मंडळ मुंबईत आले ते 1951 मध्ये. बातम्यांवर युद्धकाळातील बंदी होती. सायगाव रेडिओने दुसऱ्याच दिवशी वृत्त दिले, पण मुंबईच्या वाचकांना सविस्तर मजकूर मिळाला तो मे महिन्यात.

त्याच वर्षी 27 नोव्हेंबरला इंग्लंडमधील फॉल्ड येथील भूमिगत दारूगोळा कोठार उडाले. तेथे सुमारे 70 माणसे गेली, आणि शेजारच्या हॅनबरी गावाच्या परिसरातील स्मारकशिळेवर त्यांची नावे आहेत. गाव लहान, हरवलेल्यांपैकी बरेच जण शेजाऱ्यांच्या ओळखीचे. मुंबईत अशी नावे गोळा करणे सोपे नव्हते.

सुमारे 8,000 माणसे सात महिने राबली, तेव्हा गोदी पुन्हा चालू झाली. नुकसानभरपाईचा भार सरकारने उचलला. 14 एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो आणि तेथून सप्ताह सुरू होतो. भायखळ्यास दलाच्या मुख्यालयात 66 जवानांच्या स्मारकाला मानवंदना दिली जाते. हाच दिवस डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जयंतीचा. त्यामुळे या दिवशी मुंबईचे रस्ते निळ्या झेंड्यांनी भरलेले असतात, आणि भायखळ्याची ती छोटी मानवंदना गर्दीतून वाट काढून पोहोचलेल्यांनाच दिसते.

कंटेनर वाहतुकीसाठी प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या दोन्ही गोद्या पुढे भरणी घालून बुजवण्यात आल्या. ‘फोर्ट स्टिकिन’ जेथे लागले होते तो एक क्रमांकाचा धक्का आता पाण्याकाठी नाही.