कुराणाचें भाष्य आणि फादर मार्राच्ची

परधर्मीयांच्या ग्रंथाचा अर्थ आपल्या मनाप्रमाणें लावणें सोपें. तो ग्रंथ मानणाऱ्यांस विचारून लावणें कष्टाचें. पंधराव्या शतकांत कैरो येथील मुसलमान पंडित अल्-बिकाई (मृत्यु १४८०) यांनीं कुराणाच्या भाष्यांत तौरात व शुभवर्तमानें यांतील उतारे घेतले. स्वधर्मीयांनीं त्यांस दूषण दिलें, तेव्हां ह्या रीतीच्या समर्थनार्थ त्यांनीं निराळा निबंध लिहिला.

ख्रिस्ती बाजूस स्मरण होतें तें फादर लुदोविको मार्राच्ची (१६१२–१७००) यांचें. हे पोप अकरावे इनोसंट यांचें पापनिवेदन ऐकणारे धर्मगुरु. १६९८ सालीं पादुआ येथें त्यांनीं कुराणाचा मूळ अरबी पाठ, लॅटिन भाषांतर, टिपा व खंडन असा ग्रंथ छापविला. हेतु उघड उघड खंडनाचा. परंतु टिपांत जमख्शरी, बैदावी आदि मुसलमान भाष्यकारांचीं वचनें अरबींतच उतरून पुढें त्यांचा लॅटिन अर्थ दिला. प्रतिपक्षास त्याच्याच शब्दांत बोलूं देणारा खंडनकार आम्हांस तरी विरळाच वाटतो. जॉर्ज सेल यांनीं १७३४ सालीं कुराणाचें इंग्रजी भाषांतर केलें, त्यास ह्याच ग्रंथाचा मोठा आधार होता. आणि सेल तर प्रॉटेस्टंट वकील होते.