शस्त्रक्रियेची आवश्यकता (वैद्यकीय शिक्षण)

शस्त्रक्रियेची आवश्यकता म्हणजे विशिष्ट रुग्णावर विशिष्ट वेळी शस्त्रक्रिया करण्यास आधारभूत ठरणारे वैद्यकीय कारण. डॉक्टरांच्या बोलीत यास ‘इंडिकेशन’ म्हणतात. शस्त्रक्रिया कशी करावी हे शल्यचिकित्सेचे एक अंग, ती करावी की नाही हे दुसरे. पहिले पाहून आणि हाताने करून शिकता येते. दुसरे मात्र बहुधा पाठ्यपुस्तकातील कारणांची यादी पाठ करून आटोपले जाते. त्या यादीमागील तर्क प्रशिक्षणार्थी डॉक्टरांना कसा शिकवावा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

सुश्रुतसंहितेतील विचार

शल्यशिक्षणातील हे दोन्ही भाग सुश्रुतसंहितेत आढळतात. सूत्रस्थानातील ‘योग्यासूत्रीय’ अध्यायात शिष्याने भोपळा, काकडी, कलिंगड अशा फळांवर छेदनाचा सराव करावा असे सांगितले आहे. त्याच स्थानातील ‘आमपक्वैषणीय’ अध्याय कच्च्या, पिकत असलेल्या आणि पिकलेल्या सुजेची लक्षणे देतो. अज्ञानाने कच्ची सूज कापणारा आणि पिकलेल्या सुजेची उपेक्षा करणारा, या दोघांनाही तेथे सारख्याच कठोर शब्दांत दोष दिला आहे. चिकित्सास्थानात मूतखड्याच्या शस्त्रक्रियेविषयी असा विचार येतो की, ती न केल्यास मृत्यू निश्चित आणि केल्यास यश संशयास्पद. म्हणून अनुमती घेऊनच ती करावी. करणे आणि न करणे या दोहोंचे परिणाम शेजारी ठेवून तोलणे हेच आवश्यकतेच्या विचाराचे मर्म होय.

टॉन्सिलचे उदाहरण

हा तर्क शिकविला गेला नाही तर काय होते, हे १९३४ साली प्रसिद्ध झालेल्या न्यूयॉर्कमधील पाहणीने दाखविले. तेथील १००० शाळकरी मुलांपैकी ६११ मुलांचे टॉन्सिल आधीच काढलेले होते. उरलेल्या ३८९ मुलांना डॉक्टरांनी तपासले आणि १७४ जणांना शस्त्रक्रिया सुचविली. ज्यांना ती नको असे ठरले, ती २१५ मुले दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठविली. त्यांनी ९९ जणांना ती सुचविली. पुन्हा उरलेल्या ११६ मुलांपैकी ५१ जणांना तिसऱ्या तपासणीत तोच सल्ला मिळाला. प्रत्येक वेळी तपासलेल्या मुलांतून सुमारे ४५ टक्के मुले निवडली गेली. डॉक्टरांचे मत मुलाच्या घशापेक्षा त्यांच्या स्वतःच्या सवयीवर अधिक अवलंबून होते, असा निष्कर्ष येथे टाळता येत नाही.

पुढे अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे जॅक पॅराडाइज व सहकाऱ्यांनी १९७८ साली याच प्रश्नाची दुसरी बाजू तपासली. वारंवार घसा दुखतो अशी माहिती मिळालेल्या, परंतु त्याची पुरेशी नोंद नसलेल्या ६५ मुलांवर त्यांनी लक्ष ठेवले. सांगितल्याइतका त्रास प्रत्यक्षात केवळ ११ मुलांना झाला. पालक खोटे बोलत होते असे नव्हे. आजारपणाची आठवण मोजमापासारखी अचूक नसते, इतकेच. एका वर्षात सात, सलग दोन वर्षे दरवर्षी पाच किंवा सलग तीन वर्षे दरवर्षी तीन वेळा, तोही नोंद केलेला त्रास, ही त्यांची कसोटी आजही शिकविली जाते. तथापि हे आकडे पाठ असलेल्या विद्यार्थ्यास ते कोठून आले हे ठाऊक नसेल, तर शिक्षण अर्धेच राहिले म्हणावे लागेल.

अध्यापनाची पद्धत

रुग्णशय्येजवळील अध्यापनात शिक्षक निदानानंतर लगेच उपचार विचारतो. या दोहोंच्या मध्ये एक प्रश्न घालणे ही सर्वात साधी सुधारणा होय : काहीच केले नाही तर काय होईल? जांघेतील हर्निया असलेल्या, परंतु फारसा त्रास नसलेल्या पुरुषाचे उदाहरण यासाठी उपयुक्त आहे. आतडे अडकेल या भीतीने अशा हर्नियाची शस्त्रक्रिया करण्याचा प्रघात होता. उत्तर अमेरिकेत ७२० पुरुषांवर झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, अशा रुग्णास देखरेखीखाली ठेवणे सुरक्षित असल्याचे व आतडे अडकण्याचा प्रसंग विरळा असल्याचे दिसले. मात्र दुखणे वाढल्याने अनेकांनी पुढे शस्त्रक्रिया करून घेतलीच. हाच निष्कर्ष स्त्रियांना लावता येत नाही, कारण त्यांच्यात मांडीच्या मुळाशी येणारा, अडकण्याचा धोका अधिक असलेला हर्निया तुलनेने जास्त आढळतो. आणि आतडे अडकून त्याचा रक्तपुरवठा तुटला असेल, तर थांबणे हाच अपराध ठरतो. रोगाचे नाव एकच, उत्तरे तीन.

रुग्णालयांतील गुंतागुंत व मृत्यू यांच्या आढावा-बैठकीतही हा विचार शिकविता येतो. परंतु तेथे बिघडलेल्या शस्त्रक्रियांची चर्चा होते. अनावश्यक असूनही सुरळीत पार पडलेली शस्त्रक्रिया सहसा कोणी चर्चेस घेत नाही.

भारतातील संदर्भ

२००८ साली सर्वोच्च न्यायालयाने, निदानापुरत्या दिलेल्या संमतीवर रुग्णेचे गर्भाशय काढणे अवैध ठरविले. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांमध्ये गर्भाशय काढण्याचे मोठे प्रमाण चर्चेत आले व राज्य शासनाने चौकशी समिती नेमली. पाळीच्या तक्रारी, कर्करोगाची दाखविलेली भीती, स्वच्छतागृहांचा अभाव आणि कामाच्या खाड्याबद्दल कापला जाणारा दंड अशी कारणे त्या वेळी पुढे आली. यांतील शेवटची दोन कारणे कोणत्याही पाठ्यपुस्तकाच्या यादीत नाहीत. ‘गर्भाशय काढून टाका’ अशी मागणी स्वतः रुग्णेने केली असता ती कशामुळे केली हे विचारणे, हा इतिहास-नोंदीचाच भाग आहे. त्याच वर्षी देशातील एम.बी.बी.एस. अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद या विषयांचा स्वतंत्र घटक लागू झाला.