अंदमानला केव्हा जावे?

"दिवाळीच्या सुटीत अंदमानला गेलो तर चालेल का, गुरुजी?" माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने विचारले.

"जानेवारी गाठ," मी म्हणालो. "मेअखेरीस तेथे नैर्ऋत्येचा पाऊस उतरतो, नोव्हेंबरातही ईशान्येचा झोडपतो. जानेवारी ते मार्च समुद्र शांत असतो."

बोलून गेलो आणि चपापलो. १० मार्च १८५८ रोजी डॉ. वॉकर २०० कैद्यांना घेऊन तेथे उतरला, तो याच सुखाच्या ऋतूत! जंगल तोडायला लावलेल्या त्या माणसांवर पुढचा पावसाळाही तेथेच कोसळला. सावरकरांना तर ४ जुलै १९११ रोजी, भर पावसाळ्यात नेले. ऋतू निवडणे ही स्वतंत्र माणसाची चैन.

"जानेवारीतच जा," मी म्हणालो, "पण सेल्युलर जेलच्या कोठडीत घटकाभर उभा राहा, आणि बाहेर जुलै आहे असे समज."