शंभर गुण

परवा भाची बुद्धिबळाच्या स्पर्धेहून आली ती फुरंगटूनच. मुलींत पहिली आली होती खरी, पण बक्षीस देताना कुणीतरी म्हणालं, "मुलींमध्ये छान खेळतेस हं!" ते 'मुलींमध्ये' तिला टोचलं. रात्री जेवताना तिला सुझान पोल्गरची गोष्ट सांगितली, तीच इथे लिहून ठेवतो.

सुझान बुडापेस्टची, जन्म १९६९ चा. चार वर्षांची असताना तिथली अकरा वर्षांखालच्या मुलींची स्पर्धा तिने दहापैकी दहा डाव जिंकून मारली. प्रतिभा जन्मत नाही, घडवावी लागते, असं वडील लास्लो ह्यांचं ठाम मत. त्यांनी तिला घरीच शिकवलं आणि खेळायला पाठवलं ते मुख्यतः पुरुषांशी. १९८४ मध्ये, पंधराव्या वर्षी, ती रेटिंगमध्ये जगातल्या सगळ्या स्त्रियांत पहिली होती.

मग १९८६ च्या अखेरीस फिडेने, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेने, एक अजब निर्णय घेतला. स्त्री खेळाडूंच्या रेटिंगमध्ये सरसकट शंभर गुण वाढवले, सुझानला वगळून! कारण काय, तर बाकीच्या आपापसातच खेळतात म्हणून त्यांचं रेटिंग कमी दिसतं, ही तर पुरुषांशी खेळते. हिशोबात अगदीच तथ्य नव्हतं असं नाही. पण सतरा वर्षांच्या मुलीचं पहिलं स्थान पटावर नाही, कागदावर गेलं.

ती खेळत राहिली. १९९१ मध्ये ग्रँडमास्टर झाली. पुरुषांना लागतात तेच नॉर्म, तेच रेटिंग मिळवून हा किताब घेणारी ती पहिली स्त्री. १९९६ मध्ये शे जूनला हरवून जगज्जेतीही झाली. १९९९ मध्ये बाळंतपणामुळे पुढचा सामना लांबवायला सांगितला, त्यावरून वाद झाला आणि तो किताब गेला.

मला खरी आवडते ती ह्यापुढची सुझान. २००७ मध्ये ती अमेरिकेत टेक्सास टेक विद्यापीठात प्रशिक्षक झाली. २०११ आणि २०१२ ला तिच्या संघाने तिथली आंतरविद्यापीठ अजिंक्यपदाची अंतिम फेरी जिंकली. मग ती वेबस्टर विद्यापीठात गेली, तर खेळाडूही तिच्यामागोमाग गेले! तिथे २०१३ ते २०१७, सलग पाच. एकूण सात वर्षं. आणि तिचे खेळाडू? बहुतेक सगळे तरुण मुलगे, ग्रँडमास्टर. डाव हरल्यावर ते जिच्याकडे यायचे ती 'मुलींमध्ये' चांगली आहे का, हे त्यांनी कशाला विचारावं?

भाचीने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मग तिचे शंभर गुण परत दिले का?"

"नाही."

"मग पुढच्या वेळी माझं नाव खुल्या गटात घाल."

फॉर्म दर वेळी मीच भरतो. 'मुली' ह्या चौकटीवर खूण करताना आजवर माझा हात एकदाही अडखळला नव्हता. असो. पुढची स्पर्धा दिवाळीनंतर आहे.