मनोविकारावरील औषधे आणि चयापचय : वजन, साखर, रक्तदाबाची नोंद का हवी?

सप्तापूर (धारवाड) : स्किझोफ्रेनिया, बायपोलर विकार यांसारख्या तीव्र मानसिक आजारांत भास, भ्रम व अतिउत्तेजना आटोक्यात आणणाऱ्या औषधांना मनोविकाररोधी (अँटिसायकॉटिक) औषधे म्हणतात. या गटातील पहिले औषध, क्लोरप्रोमाझीन, १९५२ पासून मनोरुग्णांसाठी वापरात आले. गोव्यात बांबोळीची मनोरुग्ण संस्था आणि शेजारच्या धारवाडची ‘डिमहान्स’ येथे येणाऱ्या अनेक रुग्णांचा आधार हीच औषधे आहेत. मात्र मन सावरत असताना शरीराकडे दुर्लक्ष होण्याचा धोका असतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते तीव्र मानसिक आजार असलेल्यांचे आयुर्मान इतरांपेक्षा १० ते २० वर्षांनी कमी असते. त्यामागे मुख्यत्वे हृदयविकारासारखे टाळता येण्याजोगे शारीरिक आजार असतात.

वजन का वाढते?
ही औषधे मेंदूतील डोपामिनबरोबरच हिस्टामिन व सेरोटोनिन यांच्या कार्यातही हस्तक्षेप करतात. परिणामी भूक वाढते, पोट भरल्याची जाणीव उशिरा होते आणि गुंगीमुळे हालचाल मंदावते. काही औषधांमुळे वजन वाढण्यापूर्वीच इन्सुलिनचा प्रभाव घटू शकतो. तंबाखूचे व्यसन व बैठी दिनचर्या यांची त्यात भर पडते.

सर्व औषधांचा धोका सारखा नसतो. क्लोझापीन व ओलांझापीन यांचा सर्वाधिक, रिस्पेरिडोन व क्वेटियापीन यांचा मध्यम, तर अरिपिप्राझोल व लुरासिडोन यांचा तुलनेने कमी आहे. तरीही इतर औषधांना दाद न देणाऱ्या स्किझोफ्रेनियात क्लोझापीनला तोड नाही. म्हणून निवड लाभ-हानी तोलूनच होते.

कोणत्या तपासण्या, केव्हा?
अमेरिकेतील मधुमेह व मनोविकार तज्ज्ञांच्या संघटनांनी २००४ मध्ये ठरवलेला क्रम आजही उपयुक्त आहे. औषध सुरू करतानाच वजन, कंबरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर व रक्तातील चरबी नोंदवावी. वजन चौथ्या, आठव्या व बाराव्या आठवड्यात आणि पुढे दर तीन महिन्यांनी पाहावे. रक्तदाब, साखर व चरबी बाराव्या आठवड्यात पुन्हा तपासावी. त्यानंतर रक्तदाब व साखर किमान वर्षातून एकदा.

भारतीयांत पुरुषांच्या कंबरेचा घेर ९० सेंमी व स्त्रियांचा ८० सेंमी किंवा अधिक असणे ही धोक्याची खूण मानतात. मूळ वजनात पाच टक्के वाढ, म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीत तीन किलो, झाल्यास औषध बदलण्याचा विचार डॉक्टरांनी करावा, असे याच तज्ज्ञांनी सुचवले होते. अतितहान, वारंवार लघवी किंवा अकारण थकवा जाणवल्यास साखर तातडीने तपासावी.

औषध स्वतःहून थांबवू नये
वजन वाढले म्हणून गोळ्या परस्पर बंद केल्यास आजार उलटण्याचा धोका मोठा असतो. फिनलंडमधील दीर्घकालीन नोंदींनुसार, औषध घेणाऱ्या स्किझोफ्रेनियाग्रस्तांत मृत्यूचे प्रमाण औषध न घेणाऱ्यांपेक्षा कमी आढळले. वाढलेल्या वजनावर उपाय आहेत : आहार, रोजचे चालणे, तंबाखू सोडणे, औषधात बदल किंवा डॉक्टरांच्या सल्ल्याने मेटफॉर्मिन.

कायदा व कुटुंब
मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार मनोरुग्णास आरोग्यसेवेत शारीरिक रुग्णाइतकीच वागणूक मिळण्याचा हक्क आहे. छातीतील कळ किंवा दम लागणे ‘मनाचा खेळ’ म्हणून झटकून टाकणे या हक्काशी विसंगत ठरते. दर भेटीत गोळ्यांच्या चिठ्ठीबरोबर वजनाची वही नेणे व शीतपेयांऐवजी घरी पाणी, ताक ठेवणे, एवढे कुटुंब आजपासून करू शकते.