प्रादेशिक आर्थिक एकात्मतेसाठीच्या साहाय्य-कार्यक्रमांचे मूल्यमापन

शेजारी देशांतील व्यापार सुलभ व्हावा म्हणून परकीय निधीवर चालणाऱ्या कार्यक्रमांचे फलित तपासण्याची पद्धत. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या विकास साहाय्य समितीने १९९१ मध्ये प्रस्तुतता, परिणामकारकता, कार्यक्षमता, प्रभाव व टिकाऊपणा हे निकष मांडले. २०१९ मध्ये सुसंगतीची भर पडली.

निकष सांगणे सोपे, लावणे अवघड. पूर्व आफ्रिकी समुदायाने २००५ मध्ये सीमाशुल्क संघ आणि २०१० मध्ये सामायिक बाजारपेठ सुरू केली. त्याच सुमारास ब्रिटनसह अनेक देशांच्या निधीतून ‘ट्रेडमार्क ईस्ट आफ्रिका’ ही व्यापार सुलभ करणारी संस्था नैरोबीतून काम करू लागली. केन्या-युगांडा सीमेवर बुसियाला दोन्ही देशांची तपासणी एकाच थांब्यावर करणारा नाका तिच्या मदतीने उभा राहिला. ट्रकचा खोळंबा किती तासांनी घटला, हे मोजता येते. पण केन्यातील मोंबासा बंदराचा माल युगांडातील कंपालाला लवकर पोहोचला, तर श्रेय नाक्याचे, बंदराच्या सुधारणेचे, की २०१४ पासूनच्या एकत्रित सीमाशुल्क क्षेत्राचे? तुलनेला कार्यक्रमाविना राहिलेला तसाच प्रदेश मिळत नाही. शिवाय गाठोडे घेऊन सीमा ओलांडणाऱ्या किरकोळ विक्रेत्या बायकांची बरीचशी उलाढाल सरकारी नोंदीत येतच नाही. ती वगळून काढलेला निष्कर्ष अपुराच म्हणावा लागेल.

परीक्षक स्वतंत्र असला की मूल्यमापनाला धार येते. ब्रिटनच्या स्वतंत्र साहाय्य-परीक्षण आयोगाने डिसेंबर २०१३ मध्ये ‘ट्रेडमार्क सदर्न आफ्रिका’ या ब्रिटिश निधीवरच्या कार्यक्रमाला सर्वांत खालची ‘लाल’ श्रेणी देऊन कारभार व देखरेखीतील गंभीर उणिवा दाखवल्या. सरकारने तो कार्यक्रम बंद केला.