सेटिंगच्या पानावरचे थर: नाशिकची मशीनशॉप, सिरियल पोर्ट आणि वायफाय

तंत्रज्ञानाचा इतिहास म्हटलं की आपण आधी शोधाची तारीख हुडकायला लागतो. कुणी लावला, कधी लावला, पेटंट कुणाचं. डेव्हिड एजर्टन यांनी 'द शॉक ऑफ द ओल्ड' (२००६) या पुस्तकात नेमकं याच सवयीवर बोट ठेवलं. शोधाचा इतिहास वेगळा आणि वापराचा इतिहास वेगळा. वापरात जुन्या वस्तू नव्यांच्या शेजारी बसून काम करत असतात. हे पटायला सोपं आहे. पण सिनॉप्सिस लिहायला बसलं की प्रश्न येतो, वापराच्या इतिहासाचं साधन कुठून आणायचं? कामगार डायरी लिहीत नाही, छोट्या युनिटचा मालक दप्तर जपून ठेवत नाही. म्हणून आज असं एक साधन घेऊ, ज्याला कुणी साधन म्हणणार नाही: वायरलेस सिरियल डिव्हाइस सर्व्हरचं सेटिंगचं पान.

आधी ही वस्तू काय ते बघू. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि नाशिकला आधी सातपूर, मग अंबड अशा औद्योगिक वसाहती वाढल्या. १९६४ मध्ये ओझरला मिग विमानांसाठी कारखाना आला. मोठ्या कारखान्यांभोवती सुटे भाग करून देणारी छोटी युनिट्स उभी राहिली. अशा शेडमध्ये आजही पंचवीस-तीस वर्षांची सीएनसी मशीन्स रोज दोन शिफ्ट चालताना दिसतात. मशीन दणकट असतं, पण त्याच्या कंट्रोलला बाहेरच्या जगाशी बोलायला एकच दार: २५ पिनांचा आरएस-२३२ पोर्ट. ऑफिसातल्या नव्या लॅपटॉपला हा पोर्टच नसतो. मग मधे एक डबी बसते. तिच्या एका बाजूला सिरियल केबल, दुसऱ्या बाजूला वायफाय. लॅपटॉपवर एक खोटा कॉम पोर्ट तयार होतो आणि ऑपरेटर तिथून मशीनमध्ये 'प्रोग्रॅम टाकतो'. शॉपमध्ये एवढीच भाषा असते.

या डबीचं पान ब्राउझरमध्ये उघडलं की पहिला रकाना दिसतो बॉड रेट. हे नाव फ्रेंच तारयंत्र अभियंता एमिल बोदो (१८४५–१९०३) यांच्यावरून आलंय. म्हणजे पहिल्याच ओळीत आपण एकोणिसाव्या शतकातल्या तारखात्यात उभे. त्याखाली डेटा बिट्स, पॅरिटी, स्टॉप बिट्स. फानुकच्या जुन्या कंट्रोलवर इथे बहुतेक वेळा ४८००, ७, ईव्हन, २ असं भरावं लागतं. आजच्या मुलाला हे आकडे मंत्रासारखे पाठ करावे लागतात, कारण त्यांचा अर्थ सांगणारी यंत्रं आता समोर नाहीत.

तो अर्थ कागदी फितीत आहे. सुरुवातीची एनसी मशीन्स एक इंच रुंदीच्या, आठ रांगांत भोकं पाडलेल्या फितीवरून प्रोग्रॅम वाचायची. सात रांगा अक्षरासाठी, आठवी तपासणीसाठी. आयएसओ पद्धतीत प्रत्येक अक्षराची भोकं सम संख्येत आली पाहिजेत, म्हणून 'सात' आणि 'ईव्हन'. स्टॉप बिट दोन, कारण टेलिप्रिंटरच्या यंत्राला एक अक्षर छापून पुढच्यासाठी सज्ज व्हायला क्षणभर उसंत लागायची. प्रोग्रॅमच्या आधी आणि शेवटी जे टक्केचिन्ह घालतात, तेही फितीचंच: गुंडाळी परत फिरवताना कुठे थांबायचं, त्याची खूण. फित केव्हाच गेली. खूण अजून पोरं न चुकता टाइप करतात.

बॉड रेटची यादी बऱ्याच डब्यांत १,१५,२०० पर्यंत जाते. हा विचित्र आकडा १९८१ च्या आयबीएम पीसीचा. त्यातल्या सिरियल चिपचं घड्याळ १.८४३२ मेगाहर्ट्झचं होतं. त्याला १६ ने भागा, आकडा मिळतो. खालचा १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता फेब्रुवारी १९९६ च्या आरएफसी १९१८ मध्ये खाजगी नेटवर्कसाठी राखून ठेवलेल्या पत्त्यांपैकी. आरएफसी २२१७ असा पर्याय दिसला तर तो १९९७ चा: दूरच्या सिरियल पोर्टचा वेग आणि पॅरिटी नेटवर्कवरून बदलता यावी म्हणून केलेला नियम. आणि वायफायचा रकाना? भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा विनापरवाना वापरायला मोकळा केला तो जानेवारी २००५ च्या अधिसूचनेने. अंबडच्या शेडमध्ये ही डबी कायदेशीरपणे बसते, त्यामागे दिल्लीतला हा कागद आहे. एका पानावर जवळपास दीडशे वर्षं, आणि क्रमाने लावलेली नाहीत. पुरातत्त्वाच्या खड्ड्यात थर एकमेकांत मिसळलेले सापडतात ना, तसंच.

आता कुणी म्हणेल, हे सगळं गमतीदार आहे, पण यात अडकलंय काय? यात जॉब अडकलाय. डाय-मोल्डचे प्रोग्रॅम लांबलचक असतात, जुन्या कंट्रोलच्या मेमरीत मावत नाहीत. मग मशीन कापत असतानाच ओळीमागून ओळ पाठवतात. कंट्रोलचं पोट भरलं की ते 'थांब' असा संकेत देतं, जागा झाली की 'चालू कर'. हे संकेतही फित वाचणाऱ्या यंत्राला थांबवण्या-चालवण्यासाठी ठरवलेले. तिथे फित जागच्या जागी थांबायची. वायफायवर मात्र 'थांब' म्हणेपर्यंत पुढची बरीच अक्षरं निघालेली असतात. डबीत फ्लो कंट्रोल नीट लावलं नसेल, तर तिचा साठा भरून वाहतो आणि अक्षरं गळतात. पॅरिटी बिघडलेलं अक्षर पकडते. न आलेलं अक्षर तिला कसं कळणार? अशा कंट्रोलवर सर्वसाधारण सेटिंगमध्ये 'एक्स ५०' पुढचा टिंब गळला, तर ५० मिलिमीटरचे ०.०५० मिलिमीटर होतात. टूल मोडतो, जॉब भंगारात जातो. म्हणून एकच चौकट, फ्लो कंट्रोलची, मी प्रत्येक ठिकाणी पहिल्यांदा बघते. ती बरोबर भरलेली असेल, तर इथे कुणीतरी आधी नुकसान सोसलंय, असा माझा अंदाज असतो. अंदाजच, मुलाखतीत विचारून खात्री करावी लागते.

या पानावरचा सर्वात नाजूक भाग म्हणजे फर्मवेअर अपडेट. बाकी रकाने जुनेच राहतात, हा थर मात्र नवा घालता येतो. आणि घालावाही लागतो: वायफायची जुनी डब्ल्यूईपी कुलूपपद्धत २००१ मध्येच मोडीत निघाली, डब्ल्यूपीए२ आली २००४ मध्ये. जुनी डबी नव्या राउटरला जोडायची तर कंपनीने दिलेली नवी आवृत्ती टाकणं हाच मार्ग, तोही कंपनीने दिली असेल तर. पण टाकताना मधेच लाईट गेली तर डबी कायमची मेली. भारनियमनाची वर्षं ज्यांनी काढलीत, त्या नाशिककरांना हे वेगळं सांगायला नको. बऱ्याचदा अपडेटनंतर सेटिंग मूळपदावर येतं, आणि ४८००, ७, ईव्हन, २ कुणी लिहून ठेवलेलं नसेल तर मशीन उभं. त्यामुळे "चालतंय ना, मग हात नको लावू भाऊ" हे वाक्य शॉपमध्ये सारखं ऐकू येतं. अभ्यासक याला पटकन 'मागासलेपणा' म्हणून टाकतात. मला ते मान्य नाही. बंद मशीनचा तोटा आज होतो आणि मालकाला दिसतो, उघड्या दाराचा धोका दिसत नाही. हा त्यांचा हिशोब आहे, अडाणीपणा नाही.

पण हिशोबाची दुसरी बाजू २३ डिसेंबर २०१५ ला युक्रेनमध्ये दिसली. हल्लेखोरांनी तीन वीजवितरण कंपन्यांच्या यंत्रणेत शिरून दुरून ब्रेकर पाडले आणि सुमारे सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले. नंतर त्यांनी सबस्टेशनांमधल्या सिरियल-टू-इथरनेट डब्यांवर बिघडवलेलं फर्मवेअर चढवलं. अपडेटचंच दार, उलट बाजूने वापरलेलं. कर्मचाऱ्यांनी जागेवर जाऊन हाताने ब्रेकर चढवले, काही तासांत वीज आली. डब्या मात्र निकामी झाल्या होत्या, त्यामुळे दुरून नियंत्रण पुढे बराच काळ करता आलं नाही. तोवर या डबीला हल्ल्याच्या बातमीत जागा कोण देणार होतं?

आपल्यासाठी यात कामाची गोष्ट अशी की अपडेट हे साधन पुसणारंही आहे. जुनी आवृत्ती गेली की तिच्यासोबत ती कधीची, कुणी बसवलेली, काय चालत नव्हतं म्हणून बदलली, हे सगळं जातं. कंपनीच्या बदलनोंदी मिळाल्या तर जरूर वाचा, पण त्या कंपनीची बाजू सांगतात, शेडची नाही. फिल्डवर गेलात तर मालकाची परवानगी घेऊन आधी सेटिंगची फाइल उतरवून घ्या. आवृत्ती क्रमांक टिपा, पासवर्डचा रकाना झाका, मग फोटो काढा. आयपी पत्ता प्रबंधात छापू नका. उद्या कुणीतरी तो वापरेल. चालू मशीनच्या डबीचं पान उघडायचं असेल, तर जॉब उतरेपर्यंत थांबा, कारण 'सेव्ह' दाबलं की अनेक डब्या रीस्टार्ट होतात. आणि कंट्रोल पॅनेलचं दार उघडायला सांगा. आतल्या बाजूला पेनने किंवा मार्करने आकडे लिहिलेले असतील, काही खोडलेले, काही वेगळ्या अक्षरात. त्यांचाही फोटो घ्या, आणि कुठलं अक्षर कुणाचं ते तिथल्या सर्वात जुन्या सेटरला विचारा.